किंगफिशर रेड आणि सांबऱ्याची विमानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडचं चंदगड-गडहिंग्लज, कधी कारवार-हल्याळ. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमान धरणारे लोक या सगळ्या भागांतून येतात आणि त्यांचे प्रश्नही फिरून तेच असतात. विमानावर एक नाव, तिकिटावर दुसरं आणि दोन वर्षांनी दोन्ही गायब, हे कसं? याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे किंगफिशर रेड, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली आहे. पुढचे प्रश्न आजच्या तिकिटांचे आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किंगफिशर रेड ही वेगळी विमान कंपनी होती का?

नाही. ते किंगफिशर एअरलाइन्सच्या स्वस्त सेवेचं नाव होतं. ऑगस्ट २००८ च्या अखेरीस ते सुरू झालं आणि सप्टेंबर २०११ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. म्हणजे जेमतेम तीन वर्षं. रेडला स्वतःचा परवाना नव्हता. तिच्या उड्डाणांचे क्रमांकही किंगफिशरच्याच 'आयटी' या अक्षरांनी सुरू होत.

२. आम्ही तर एअर डेक्कनने गेलो होतो. मग ती डेक्कन, ती सिम्प्लिफ्लाय डेक्कन आणि ही रेड, सगळं एकच का?

विमानं आणि मार्ग बघितले तर बऱ्याच अंशी एकच. मालकी मात्र बदलत गेली. कॅप्टन गोपीनाथ हे हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे, सैन्यातून बाहेर पडलेले अधिकारी. त्यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली. मोठ्या शहरांमधली गर्दी सोडून हुबळी, बेळगाव, कोल्हापूर अशा गावांना एटीआर ही पंख्याची छोटी विमानं न्यायची आणि तिकीट रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या जवळपास ठेवायचं, हा त्यांचा हिशेब होता. एक रुपयातल्या तिकिटांची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. आमच्या भागातल्या कित्येक घरांतलं पहिलं विमान डेक्कनचंच होतं, आणि हे श्रेय गोपीनाथांना मनापासून द्यायलाच हवं.

पैसा मात्र टिकला नाही. २००७ च्या मध्यावर किंगफिशरचे मालक विजय मल्ल्या यांच्या समूहाने ५५० कोटी रुपये देऊन डेक्कनचा २६ टक्के हिस्सा घेतला आणि नंतर तो वाढवला. त्याच वर्षी नाव 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' झालं, आणि २००८ मध्ये 'किंगफिशर रेड'. दोन वर्षांच्या आत एकाच सेवेची तीन नावं झाली. काऊंटरवरच्या माणसालाही आज काय म्हणायचं ते आठवावं लागे.

३. डेक्कन तोट्यात होती हे सगळ्यांना माहीत होतं. मग मल्ल्यांनी ती घेतलीच कशाला?

त्या वेळी नियम असा होता, की देशात पाच वर्षं सेवा दिल्याशिवाय आणि ताफ्यात २० विमानं असल्याशिवाय परदेशी उड्डाण करता येणार नाही. किंगफिशर मे २००५ मध्ये उडायला लागली, म्हणजे तिला २०१० पर्यंत थांबावं लागलं असतं. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. म्हणून विलीनीकरण उलट्या दिशेने झालं. कागदोपत्री किंगफिशरची विमानसेवा डेक्कन एव्हिएशनमध्ये (एअर डेक्कन चालवणाऱ्या कंपनीत) आली आणि मग त्या कंपनीचं नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स करण्यात आलं. सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर-लंडन विमान सुटलं.

आमच्यासारख्या गावांचं भवितव्य तिथेच ठरलं, असं माझं मत आहे. ज्याने डेक्कन घेतली, त्याला लंडनला जायचं होतं. सांबरा, हुबळी, कोल्हापूर हे त्या सौद्याबरोबर आलेलं सामान होतं. (पाच वर्षांची ती अट सरकारने २०१६ मध्ये काढली. वीस विमानांची अट राहिली.)

४. मग रेड बंद का पडली? लोक तर बसत होते.

बसत होते. पण रेड सुरू झाली तो काळच वाईट होता. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला होता आणि पाठोपाठ जगभर मंदी आली. स्वस्त तिकिटात इंधनाचा वाटा मोठा असतो. तो वाढला की वाचवायला काही उरत नाही.

दुसरी अडचण घरचीच होती. एकाच कंपनीची एक सेवा महाग, दुसरी स्वस्त, आणि दोन्ही बऱ्याचदा त्याच शहरांमध्ये. ज्याने महाग तिकीट काढलं असतं, तोच प्रवासी स्वस्तातलं घेतो. सप्टेंबर २०११ मध्ये मल्ल्यांनी स्वस्त सेवेच्या स्पर्धेतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. तोवर बँकांचं कर्ज सात हजार कोटींच्या घरात गेलं होतं आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकत होते. त्या नोव्हेंबरात लहान गावांची उड्डाणं धडाधड रद्द झाली. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, किंगफिशरचा परवानाच निलंबित केला.

५. जेटकनेक्टचंही असंच झालं ना?

जवळपास तसंच. जेट एअरवेजने एप्रिल २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटींना घेतली आणि तिचं नाव जेटलाइट ठेवलं. मे २००९ मध्ये 'जेट एअरवेज कनेक्ट' आलं. त्यात विमानं जेटचीच होती, फक्त आतली सेवा साधी केलेली. २०१२ मध्ये जेटलाइटही जेटकनेक्टच्या नावाखाली आली आणि डिसेंबर २०१४ पासून हे नाव वापरातून गेलं. जेटलाइटचा परवाना सहाराकडून आलेला वेगळा होता. त्यामुळे एकाच 'जेटकनेक्ट'ची काही विमानं '९डब्ल्यू' क्रमांकाने आणि काही 'एस२' क्रमांकाने उडत. प्रवाशाला फरक कळत नसे. विमान रद्द झालं, की मग तो कळे.

६. तिकिटावर एक कंपनी, विमानावर दुसरी. ही फसवणूक आहे का?

नाही. त्याचे दोन प्रकार असतात.

पहिला कोड-शेअर. दोन कंपन्यांचा करार असतो. विमान, पायलट, परवाना 'ब'चा, पण 'अ' आपल्या क्रमांकाने त्यातल्या जागा विकते. तिकिटावर बारीक अक्षरांत 'ऑपरेटेड बाय' असं लिहून पुढे खऱ्या कंपनीचं नाव दिलेलं असतं. ते वाचायचं. विमानतळावर काऊंटर शोधायचा तो त्याच नावाचा.

दुसरा वेट लीज. यात कंपनी विमान, पायलट, कर्मचारी, देखभाल असं सगळं दुसऱ्याकडून भाड्याने घेते आणि आपल्या नावावर उडवते. खानापूरला लग्नासाठी ड्रायव्हरसकट बस ठरवतात, तसाच प्रकार. इथे तिकीट, नाव, क्रमांक सगळं घेणाऱ्या कंपनीचं असतं, त्यामुळे प्रवाशाने तिच्याकडेच दाद मागायची.

किंगफिशर रेड या दोन्हींत बसत नाही. तिथे आख्खी कंपनीच विकत घेऊन नाव बदललं होतं.

७. अलायन्स एअर म्हणजे एअर इंडियाच ना? आमचं तिकीट 'एआय'चं होतं.

तुमचं तिकीट एप्रिल २०२२ च्या आधीचं असणार. अलायन्स एअर १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून निघाली. पुढे ती एअर इंडियाच्या छत्राखाली लहान गावांना एटीआर विमानं चालवायची आणि तिकिटं 'एआय' क्रमांकाने विकली जायची. जुलै २०१८ मध्ये बेळगाव-बंगळूर मार्गावर तीच आली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. एप्रिल २०२२ पासून ती स्वतःच्या '९आय' क्रमांकाने तिकिटं विकते. दोघींची वेबसाइट, कॉल सेंटर, परताव्याची पद्धत वेगळी आहे. अजूनही लोक एकीच्या तिकिटासाठी दुसरीकडे फोन करून अर्धा दिवस घालवतात.

८. सांबऱ्याला एवढी वर्षं पंख्याचीच विमानं का यायची?

तीन कारणं होती. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात बांधली. नंतर ती १,८३० मीटरची होती. एटीआरला तेवढी भरपूर, एअरबस-बोइंगला अपुरी. विस्तारानंतर ती २,३०० मीटर झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नवं टर्मिनल उघडलं.

दुसरं कारण पैशाचं. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशी विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंगचं शुल्क लागत नाही. शिवाय चाळीस टनांपेक्षा हलक्या विमानांच्या इंधनावर केंद्राच्या कायद्याने विक्रीकर मर्यादित ठेवला आहे. मोठ्या विमानांना तेच इंधन राज्यांच्या चढ्या कराने घ्यावं लागतं.

तिसरं कारण प्रवासी. सकाळच्या विमानाला साठ-सत्तर माणसं मिळतात, पण १८० आसनं रोज भरायची तर गोवा आणि हुबळीकडे जाणारी माणसंही इकडे वळवावी लागतात.

९. एटीआरमध्ये मागच्या दाराने का चढवतात? आणि पंखा बंद असून इंजिन का वाजत असतं?

पुढच्या बाजूला सामानाचा कप्पा असतो, प्रवाशांचा दरवाजा मागे डावीकडे. म्हणून शेवटच्या रांगेतले आधी उतरतात. बंगळूरला पुढचं विमान गाठायचं असेल, तर मागची जागा घ्या.

एटीआरमध्ये जमिनीवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. त्यासाठी उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याचा पंखा ब्रेक लावून अडवून धरतात. वैमानिक याला 'हॉटेल मोड' म्हणतात. पंखा स्थिर असतो, आवाज मात्र कान भरून टाकतो. घाबरायचं काही नाही.

१०. २०१८ ला आमची विमानं हुबळीला का गेली?

केंद्राच्या 'उडान' योजनेमुळे. ही योजना ज्या विमानतळांवर सेवा नाही किंवा फार कमी आहे, त्यांच्यासाठी होती. पहिलं उडान विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली उडालं. पुढच्या फेरीत हुबळीचं नाव आलं, बेळगावचं नव्हतं. उडानच्या मार्गावर कंपनीला तोटा भरून देणारं अनुदान मिळतं, इंधनावरचा राज्याचा कर एक टक्क्यावर येतो आणि ठरावीक काळ त्या मार्गावर दुसरी कंपनी येऊ शकत नाही. स्पाइसजेटने मे २०१८ मध्ये आपली उड्डाणं सांबऱ्याहून हुबळीला नेली. नवं टर्मिनल उघडून वर्षही झालं नव्हतं. इथले व्यापारी, आमदार, खासदार, सगळे दिल्लीला निवेदनं देत राहिले, आणि जानेवारी २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं.

राग कंपनीवर काढून उपयोग नव्हता. शंभर किलोमीटरवर अनुदान मिळत असेल, तर विमान तिकडेच जाणार.

११. उडानमधली नाशिक, सुरत, इंदूर, कडप्पा, म्हैसूर ही विमानं मग कुठे गेली?

काही टिकली, काही गेली. स्टार एअरने नाशिक, सुरत, इंदूर, जोधपूर, तिरुपती, नागपूर, जयपूर असे मार्ग सांबऱ्याहून चालवले. ट्रूजेटने हैदराबाद, कडप्पा, म्हैसूर, तिरुपती. अनुदान तीन वर्षांचं असतं. ती मुदत संपली, की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो की नाही ते दिसतं. ट्रूजेटचं तर तेवढं थांबणंही झालं नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली ती कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये उडायची थांबली. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या साडीच्या व्यापाऱ्यांना सुरतच्या विमानाने किती सोय झाली होती, हे त्यांनाच विचारा. एका दिवसात जाऊन माल बघून परत. तीन वर्षांत एवढं जमत असेल, तर राज्य सरकारने अशा एक-दोन मार्गांना पुढेही हात द्यायला हवा, असं मी ठामपणे म्हणेन.

१२. एअर डेक्कन परत सुरू झाली होती, असं ऐकलं. खरं का?

खरं. डिसेंबर २०१७ मध्ये उडानखाली एअर डेक्कन हेच नाव परत आलं. पण ती जुनी कंपनी नव्हती (ती किंगफिशर झाली होती, प्रश्न ३ पाहा). नवी डेक्कन १९ आसनी बीचक्राफ्ट विमानं घेऊन मुंबई, जळगाव, नाशिक, पुणे, कोल्हापूर अशा मार्गांवर उतरली आणि एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, थांबली. जुनं नाव ऐकून जुन्या कंपनीकडून येणं असलेल्या पैशांचा दावा हिच्याकडे करायला गेलेल्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं.

१३. माझ्याकडे किंगफिशरचे किंग क्लबचे (नेहमीच्या प्रवाशांना मिळणारे) पॉइंट आणि न वापरलेलं तिकीट आहे. काही मिळेल का?

नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. तारण असलेल्या बँकांनाच पूर्ण रक्कम मिळायची मारामार होती. प्रवासी विनातारण देणेकऱ्यांमध्ये मोडतो, म्हणजे रांगेत अगदी मागे. 'तुमचे पॉइंट सोडवून देतो' म्हणून कोणी फोन करत असेल, तर तो ठग आहे. ओटीपी देऊ नका.

१४. आज एखादी कंपनी अचानक बंद पडली, तर पैसे कसे वाचवायचे?

तिकीट क्रेडिट कार्डावर काढा. सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावर भरलेले पैसे परत, मागता येतो, पण त्याला मुदत असते, म्हणून बातमी आली त्याच आठवड्यात अर्ज करा. रोख देऊन एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला ही वाट नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा ज्यांनी कार्डावर पैसे भरून लगेच अर्ज केला, त्यांच्या हातात निदान एक मार्ग होता. बाकीच्यांना दिवाळखोरीच्या कारवाईत दावा भरून वाट बघावी लागली.

लग्न, परदेशी व्हिसा, परीक्षा अशा कामांसाठी नव्या किंवा अडचणीतल्या कंपनीचं तिकीट सहा महिने आधी काढू नका, स्वस्त असलं तरी.

१५. बेळगाव-बंगळूर एका कंपनीचं, तिथून दुबई दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान लेट झालं तर?

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर पुढच्या प्रवासाची सोय करणं कंपनीची जबाबदारी आणि सामानही थेट जातं. वेगवेगळी तिकिटं असतील, तर दुबईचं विमान चुकलं तो तुमचा तोटा. सामान बंगळूरला घेऊन परत द्यावं लागतं, म्हणून मध्ये किमान चार-पाच तास ठेवा. पावसाळ्यात रात्रीच्या गाडीने आदल्या दिवशी जा. राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच.

कोड-शेअर असेल (प्रश्न ६), तर दोन कंपन्या असूनही तिकीट एकच असू शकतं. स्वतःच जोडून काढलेल्या तिकिटांना हे संरक्षण नाही, मग ती एकाच वेबसाइटवरून का काढलेली असेनात.

१६. विमान रद्द झालं. भरपाई कोण देणार, जिचं तिकीट ती की जिचं विमान ती?

डीजीसीएच्या नियमांत ही जबाबदारी विमान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपनीवर येते. कंपनीने दोन आठवडे आधी कळवलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. चोवीस तासांच्या आत कळवलं किंवा कळवलंच नाही, तर त्याशिवाय भरपाईही. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्यावर १०,००० रुपये. पण ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. सांबऱ्याच्या दोन हजारांच्या तिकिटावर पाच हजार मागायला गेलेले म्हणूनच नाराज होतात.

धुकं, वादळ, बंद, हवाई नियंत्रणाचा आदेश अशा कारणांना भरपाई नाही, परतावा मात्र आहे. उशीर दोन तासांच्या पुढे गेला, तर आपल्या भागातल्या लहान अंतराच्या उड्डाणांना खाणं-पाणी द्यावं लागतं. सहा तासांच्या पुढे गेला, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. कारण लेखी मागून घ्या आणि कंपनीने ऐकलं नाही, तर सरकारच्या 'एअरसेवा' या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे पीएनआर आणि विमान चालवणाऱ्या कंपनीचं नाव दोन्ही भरा. नुसतं तिकिटावरचं नाव टाकलं, तर तक्रार चुकीच्या कंपनीकडे जाऊन पडते.

१७. नवी कंपनी सांबऱ्याहून उडणार अशी बातमी आहे. विश्वास ठेवायचा का?

तीन गोष्टी विचारा. परवाना तिचा स्वतःचा आहे की दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर फक्त नाव लावलंय? विमानं किती आहेत? एकच विमान असेल, तर ते नादुरुस्त झालं की आख्खं वेळापत्रक पडतं. आणि मार्ग उडानचा असेल, तर तीन वर्षं कधी संपतात? उद्घाटनाला कोण आलं, केक कापला की रिबन, पाण्याच्या फवाऱ्याने सलामी दिली का, यावरून काही कळत नाही. डीजीसीएच्या हंगामी वेळापत्रकात उड्डाण मंजूर झालंय का ते बघा. उन्हाळी वेळापत्रक मार्चअखेर आणि हिवाळी ऑक्टोबरअखेर बदलतं.

१८. तिकीट शोधताना 'बेळगाव' टाकलं तर विमानतळ सापडत नाही.

नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नोंदीत शहराचं नाव बेळगावी आहे. काही वेबसाइट जुनं नाव ओळखतात, काही नवं. तीन अक्षरी संकेत 'आयएक्सजी' मात्र सगळीकडे तोच आहे, तो टाका. तिकिटावर कोणतंही नाव छापलेलं असलं तरी चालतं. तुमचं स्वतःचं नाव मात्र आधार किंवा पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं.